उताऱ्यात दिलेले नाही

कोपरखैरणे, झेरॉक्सच्या दुकानावर
लोखंडी जिना चढून गेलं की क्लास.
नाइट संपवून मी येते, डोळ्यांत वाळू,
हातांना अजून स्पिरिटचा वास.
आयर्लंडला जायचं तर वाचनात सात लागतात.
मला साडेपाच.

मस्करेन्हस बाई म्हणतात, घाई नको.
उतारा म्हणजे पेशंट समज.
आधी बघ, मग हात लाव.

हे तर मला यायला हवं.
बोलता बोलता मी सलाइनचे थेंब मोजते,
चादर कुठल्या कुशीला चुरगळली आहे
त्यावरून सांगते, आजोबा रात्री झोपले की नाही.
पण इंग्रजी वाक्य आलं
की दारातूनच विचारते, बरं आहे ना?
आणि पुढच्या खाटेकडे जाते.

बाईंनी हातात पेन्सिल दिली.
फ्यू आणि अ फ्यू.
पहिल्यात जवळजवळ कुणीच उरलेलं नाही,
दुसऱ्यात आहेत चारदोन, धुगधुगी असलेले.
मधे एवढासा ए,
नळीतल्या हवेच्या बुडबुड्याएवढा.
सहा महिने मी तो ओलांडून जात होते.

आजचा उतारा मिठाचा.
कुठल्याशा थंड देशाचा किनारा,
चौकोनी वाफे, त्यांत भरतीचं पाणी,
लांब दांड्याची लाकडी फावडी घेतलेल्या बायका.
विधान चौथे: मिठात काम करणाऱ्यांच्या पायांना भेगा पडतात.
खरे, खोटे, की दिलेले नाही?

मी मागे वळून उतारा पाहिलाच नाही.
खरे.
इतकं दाबून लिहिलं की शिसं मोडलं.

घणसोलीच्या खाडीला बाबांचं मिठागर होतं.
म्हणजे मिठागर शेठचं,
पाय बाबांचे.
रात्री आई पळीत कोकमाचं तेल वितळवायची,
टाच मांडीवर घेऊन भेगा भरायची
जशा भिंतीच्या भरतात.
बाबा छताकडे बघत दुसऱ्याच गोष्टी बोलायचे.

बाई म्हणाल्या, चूक.
दाखव मला, पाय कुठल्या ओळीत आहेत?

मी शोधले.
वारा होता. पक्षी होते, त्यांची चोच कशी ते होतं.
टनाचा भाव होता.
बायकांच्या डोक्यावरच्या रुमालांचा रंगसुद्धा होता, निळा.
इतक्या जणी उभ्या होत्या पाण्यात
आणि लिहिणाऱ्याने
गुडघ्याखाली पाहिलंच नव्हतं.

पण बाई, हे खरं आहे.
असेल, त्या म्हणाल्या. तुझ्या पदरचं घालू नकोस.
कागदावर आहे तेवढंच.
मी खोडलं. खोडरबराने कागद काळा झाला.
दिलेले नाही, असं लिहिलं
आणि खूप वेळ त्या तीन शब्दांकडे बघत बसले.
पाचवं विधान वाचायला
बाईंना दोनदा सांगावं लागलं.

घरी आई सूप पुढ्यात घेऊन
जवळा निवडत होती.
मी म्हटलं, पुढच्या महिन्यात परीक्षा.
पास झाले तर दोन वर्षं, कदाचित तीन.
ती म्हणाली, जा गं. मला काय होतंय.

एरवी मी एवढंच ऐकून आंघोळीला गेले असते.
आज उभी राहिले.
'जा' नंतर तिने श्वास घेतला होता.
'मला' तोंडातल्या तोंडात.
'परत' हा शब्द कुठल्याच ओळीत नव्हता,
आणि निवडून झालेला जवळा
तिने पुन्हा निवडायला घेतला होता.

खरे, खोटे.
पेन्सिल पर्समध्येच राहू दिली.
तिच्या शेजारी फरशीवर बसले,
सुपाची एक कड आपल्याकडे ओढली.
माझ्या बाजूला एक खेकडा सापडला,
वाळलेला, बोटाच्या टोकावर मावेल असा,
ए एवढा.
तिला तो दिसलाच नव्हता.
की दिसला होता.